मच्छरदाणीचे कापड आणि पोटाची भिंत : दोंडाईच्याहून निघालेल्या एका प्रयोगाचा इतिहास

१/ वाशीम म्हटले की इतिहासप्रेमींना वाकाटकांची वत्सगुल्म शाखा आठवते. हेच वाशीम १९९८ साली अकोल्यापासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाले आणि २०१८ साली नंदुरबार, गडचिरोली व उस्मानाबाद यांच्यासह ‘आकांक्षित जिल्ह्यां’च्या यादीत गेले. अशा भागांतील शस्त्रक्रियेचा इतिहास हा पुष्कळदा किमतीचा इतिहास असतो. खानदेशातील दोंडाईच्याची ही कथा त्यातलीच.

२/ प्रथम व्याधी समजून घेऊ. पोटाची शस्त्रक्रिया झाली की त्वचा भरून येते. परंतु खालचे स्नायूंचे बळकट आवरण प्रत्येक वेळी नीट सांधत नाही. कालांतराने जुन्या व्रणाच्या जागी फट पडते आणि खोकताना, ओझे उचलताना आतडे तेथून बाहेर डोकावते. लोकभाषेत हा ‘टाक्यांचा हर्निया’. आतडे त्या फटीत अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर जिवावर बेतते.

३/ अंतर्गळ भारतीय वैद्यकाला अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत वृद्धिरोगाच्या सात प्रकारांत ‘अंत्रवृद्धी’ येते. त्याच ग्रंथात पोट उघडून आतड्याचे छिद्र काळ्या मुंग्यांच्या दंशाने सांधण्याचे व मग बाहेरचा व्रण शिवण्याचे वर्णन आहे. तेथे छेद नाभीच्या खाली, मध्यरेषा सोडून डाव्या बाजूस घ्यावयास सांगितले आहे.

४/ तरीही टाक्यांचा हर्निया हा खऱ्या अर्थाने आधुनिक काळाचा रोग. १८४६ मध्ये ईथरची भूल आली, १८६७ मध्ये लिस्टरची जंतुनाशक पद्धती आली आणि पोट उघडूनही रुग्ण जगू लागले. जगले म्हणूनच त्यांचे व्रण पुढे फाटू लागले. शस्त्रक्रियेच्या यशानेच ही नवी व्याधी जन्माला घातली.

५/ आरंभीचा उपाय सरळ होता : फटीच्या दोन्ही कडा ओढून शिवणे. इटलीतील बासिनी यांनी १८८० च्या दशकात जांघेतील हर्नियासाठी थरांची शिवण बसवली. अमेरिकेतील विल्यम मेयो यांनी बेंबीच्या हर्नियासाठी एक कड दुसरीवर चढवण्याची रीत रूढ केली. अडचण एकच होती, ती म्हणजे ताण. ओढून शिवलेले कापड जसे शिवणीपाशीच उसवते, तसेच हे आवरणही उसवे.

६/ स्नायूंच्या आवरणाइतके चिवट द्रव्य कृत्रिमरीत्या घडवता आले, तर हर्नियाचे कोडे सुटेल, असा विचार व्हिएन्नाच्या बिलरोथ यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडला होता. पुढे चांदीच्या तारांच्या जाळ्या झाल्या, टँटलम धातूच्या झाल्या. शरीराच्या हालचालीने या धातूच्या जाळ्या तुटत.

७/ उत्तर मिळाले प्लॅस्टिकमध्ये. अमेरिकन सर्जन फ्रान्सिस अशर यांनी १९५८ मध्ये पॉलिएथिलीनच्या जाळीचा वापर प्रसिद्ध केला. काही वर्षांतच पॉलिप्रॉपिलीनची जाळी आली. फ्रान्समध्ये रीव्ह आणि स्तोपा यांनी ती स्नायूंच्या मागे पसरण्याची पद्धत विकसित केली. तेथे पोटातील दाबच जाळीला जागेवर दाबून धरतो. १९८९ मध्ये लिखटेनस्टाइन यांनी जांघेच्या हर्नियासाठी ‘ताणविरहित’ दुरुस्ती लोकप्रिय केली.

८/ नेदरलँड्समधील एका चाचणीने २००० साली आकडे पुढे ठेवले. टाक्यांच्या हर्नियाची नुसती शिवण घातली, तर तीन वर्षांत सुमारे ४३ टक्के रुग्णांत तो परतला. जाळी लावली, तर २४ टक्क्यांत. दहा वर्षांनंतर हेच प्रमाण ६३ आणि ३२ टक्के झाले. जाळी निर्दोष नव्हती, पण शिवणीहून निश्चितच सरस होती.

९/ परंतु ही जाळी घ्यायची कोणी? आयात केलेल्या छोट्याशा तुकड्याची किंमत शेतमजुराच्या आवाक्याबाहेर होती. परिणामी खेड्यांतल्या शस्त्रक्रियागृहांत जुनी, ताणाची शिवणच चालू राहिली. उत्तम उपचार ठाऊक असूनही देता येत नाही, हा ग्रामीण सर्जनचा रोजचा पेच होता.

१०/ सुरत-भुसावळ लोहमार्गावरील, मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे दोंडाईचा हे धुळे जिल्ह्यातील गाव. तेथील सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि इतर ठिकाणच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या मच्छरदाणीच्या कापडाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. ते कापड पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांच्या संयुक्त बहुवारिकाचे होते. म्हणजे अशर यांच्या जाळीच्याच कुळातले.

११/ २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त त्यांचा निबंध आला. निर्जंतुक केलेल्या मच्छरदाणीच्या कापडाने ३५९ हर्नियांची दुरुस्ती केल्याचा अनुभव त्यात होता, आणि गुंतागुंतीचे प्रमाण अल्प होते. याला निव्वळ ‘जुगाड’ म्हणणे अन्यायाचे ठरेल. द्रव्य कोणते, छिद्रे किती मोठी, उष्णता किती सोसते, असे प्रश्न या कापडाला विचारले गेले. १२१ अंश सेल्सियसच्या वाफेत ते टिकते. १३४ अंशांना विरूपते. शिवाय कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी येथे सर्वथा वर्ज्य.

१२/ पुढे बुर्किना फासो व घाना येथे हेच तंत्र अजमावले गेले. युगांडात ३०२ पुरुषांवर तुलनात्मक चाचणी झाली व २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाचा हर्निया परतला, महागड्या गटात एकाचाही नाही. गुंतागुंत दोन्हींकडे जवळजवळ सारखी. एका जाळीची किंमत एक डॉलरहून कमी, तर दुसरीची शंभराहून अधिक.

१३/ मर्यादाही नोंदवायला हव्यात. युगांडातील चाचणी जांघेच्या हर्नियावरची आहे. टाक्यांचा हर्निया अधिक अवघड : फट मोठी, आतडे चिकटलेले, जंतुसंसर्गाचा धोका जास्त. त्यासाठी १९९० मध्ये रामिरेझ यांनी स्नायूंचे थर सुटे करून मध्यावर आणण्याची पद्धत मांडली आणि १९९३ मध्ये लब्लाँ व बूथ यांनी दुर्बिणीतून जाळी बसवण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. दोन्हींना कौशल्य लागते, दुसऱ्याला महाग साधनेही. तेव्हा जांघेतील यश पोटाच्या व्रणाला जसेच्या तसे लागू करता येत नाही.

१४/ मग सर्वांत स्वस्त उपाय कोणता? तो पहिल्याच शस्त्रक्रियेत दडलेला आहे. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मधील डच चाचणीत असे दिसले की, पोट बंद करताना लहान व जवळजवळचे टाके घेतल्यास वर्षभरात हर्नियाचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर येते. त्यासाठी लागतो थोडा अधिक धागा आणि सर्जनची काही मिनिटे.

१५/ शस्त्रक्रियेचा इतिहास पादुआ, व्हिएन्ना, अमेरिका या वाटेने सांगितला जातो. तो अपुरा आहे. नवे द्रव्य शोधणे हा त्याचा एक अध्याय; ते द्रव्य ओझे वाहणाऱ्या माणसापर्यंत पोहोचवणे हा दुसरा. या दुसऱ्या अध्यायातील एक महत्त्वाचे पान दोंडाईच्यात लिहिले गेले.

(समाप्त)