एकसष्टाची निवड

१,७६,६३,१९,०४९ ही संख्या एखाद्या पेढीच्या खतावणींत आढळली, तर कोणी तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहणार नाहीं. परंतु तिचा वर्ग करून त्यांतून एक वजा करावा व बाकीस ६१ नें भागावें. भाग निःशेष जातो. इतकेंच नव्हे, तर भागाकारहि पूर्ण वर्ग निघतो, २२,६१,५३,९८० चा. कोणत्या संख्येच्या वर्गास ६१ नें गुणून एक मिळविला असतां पुन्हा वर्गच येतो, या प्रश्नाचें, शून्य सोडल्यास, हें सर्वांत लहान उत्तर होय. एक, दोन, तीन असें क्रमानें ताडून पाहणारास, दर सेकंदास एक या वेगानेंहि, अहोरात्र सात वर्षें बसावें लागेल.

नवल असें कीं, ६१ चे शेजारी अगदीं गरीब आहेत. ६० करितां ३१ आणि ४ पुरतात. ६२ करितां ६३ आणि ८. किंबहुना शंभराच्या आंत एवढें अवाढव्य उत्तर दुसऱ्या कोणत्याहि संख्येस नाहीं. १६५७ च्या फेब्रुवारींत फर्मा या फ्रेंच पंडितानें हें कोडें घातलें, तेव्हां त्यानें ६१ हीच संख्या पुढें केली, हें उगीच नव्हे. आणि त्याच्यापूर्वीं पांच शतकें, ११५० च्या सुमारास, भास्कराचार्यांनीं आपल्या 'बीजगणितां'त ६७ च्या जोडीस ६१ हीच घेतली होती. अवघड जागा दोघांसहि ठाऊक होती, असें माझें मत आहे. आणि ती ठाऊक होण्यास आजूबाजूची जमीन आधीं तुडवावी लागते.

आचार्यांच्या रीतीचें नांव 'चक्रवाल'. ८ चा वर्ग ६१ हून ३ नें अधिक. या तिनावर कुट्टक चालवून ७ हा गुणक घेतला कीं ३९ आणि ५ ही जोडी मिळते. ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची एकसष्टपट १५२५; अंतर उणें ४. येथें ब्रह्मगुप्ताची, म्हणजे ६२८ सालची, 'भावना' उपयोगी पडते. हीच जोडी तिच्याशींच जुळवीत गेल्यास प्रथम २९७१८ व ३८०५ येतात (येथें अंतर उणें १), आणि मग एकाच जुळणींत ती दहा अंकी संख्या उभी राहते. सारें काम एका पाटीवर मावेल एवढें.

हें सांगतांना वर्गांत मुलांचे चेहरे फुलतात, आणि सारें कांहीं आपलेंच, असा निष्कर्ष निघूं लागतो. तेथें मला हात आडवा करावा लागतो. चक्रवाल प्रथम भास्कराचार्यांचें नव्हे. उदयदिवाकराच्या १०७३ सालच्या टीकेंत जयदेव नांवाच्या गणित्याचे या रीतीवरील श्लोक उद्धृत आहेत, व ते कृपाशंकर शुक्ल यांनीं १९५४ सालीं उजेडांत आणले. शिवाय चक्र हमखास थांबतेंच, याची सिद्धता 'बीजगणितां'त नाहीं. उत्तर नेहमीं असतेंच, हें १७६८ सालीं लाग्रांजनें सिद्ध केलें. पण नांवाचा अन्याय पाश्चात्त्यांनीं आपसांतहि केला आहेच. इंग्लंडांत तें समीकरण सोडविलें ब्राउंकरनें, आणि ऑयलरच्या गैरसमजानें तें आजहि चालतें पेलच्या नांवानें. कोलब्रुकनें 'बीजगणिता'चें मूळ संस्कृतावरून इंग्रजी भाषांतर छापलें तें १८१७ सालीं. तोंवर फर्मा, ऑयलर आणि लाग्रांज हे तिघेहि निवर्तले होते.