‘डॅफोडिल्स’ : एकाकीपणाकडून एकांताकडे

विल्यम वर्ड्‌स्वर्थ (१७७०-१८५०) यांची ‘डॅफोडिल्स’ ही कविता बहुतेकांना इंग्रजीच्या तासाला भेटते, आणि फुलांचे सुरेख वर्णन म्हणूनच स्मरणात राहते. हे शीर्षकही वाचकांनी दिलेले. कवीने कवितेला शीर्षक दिले नव्हते. डॅफोडिल हे नर्गिसच्या कुळातले पिवळे फूल. कवितेचा विषय मात्र ते फूल नव्हे.

आरंभीच कवी आपण एकाकी भटकत होतो असे सांगतो. वस्तुस्थिती निराळी होती. १५ एप्रिल १८०२ रोजी इंग्लंडच्या वायव्येकडील उल्सवॉटर सरोवराच्या काठाने ते ग्रासमिअरच्या घराकडे पायी परतत होते, आणि बहीण डोरोथी सोबत होती. वारा सोसाट्याचा होता. पाण्यालगत फुलांचा लांबच लांब पट्टा दिसला, त्याची नोंद डोरोथीने रोजनिशीत केली. दगडांवर माना टेकून विसावलेली फुलेही तिच्या नजरेतून सुटली नाहीत. कविता लिहिली गेली १८०४ च्या सुमारास आणि प्रसिद्ध झाली १८०७ मध्ये. तोवर वादळी वाऱ्याची झुळूक झाली होती, आणि डोरोथी कवितेतून नाहीशी झाली होती.

ही लबाडी म्हणावी काय? शेवटचे कडवे नीट वाचल्यास तसे वाटत नाही. तोपर्यंतचा भूतकाळ येथे वर्तमानकाळात बदलतो. सरोवर मागे पडते. कवी घरात कोचावर पहुडलेला आहे, आणि फुले मनात पुन्हा उमलतात. पाहताना या दृश्याने आपल्याला किती धन दिले हे उमगलेच नव्हते, असे तो आधीच सांगून ठेवतो. शांतपणे आठवलेल्या भावनेतून काव्य उगम पावते, हे मत वर्ड्‌स्वर्थ यांनी ‘लिरिकल बॅलड्स’च्या १८०० च्या प्रस्तावनेत मांडले होते, येथे त्याचे प्रात्यक्षिकच दिसते.

आरंभीचा शब्द एकाकीपणाचा आहे, तर अखेरचा एकांताचा. मराठीत या दोहोंतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. अंतर्दृष्टी आणि एकांताचे सुख ज्यांत येते, त्या दोन ओळी पत्नी मेरी यांनी सुचविल्या होत्या. कवितेतील सर्वोत्तम ओळी त्याच, असे वर्ड्‌स्वर्थ स्वतः म्हणत. कोलरिज यांना मात्र हा शेवट खटकला. १८१७ च्या ‘बायोग्राफिया लिटरारिया’त त्यांनी या ओळी विषयाच्या मानाने फार मोठ्या ठरविल्या आणि त्यांच्यानंतर कविता एकदम खाली घसरते, असा शेरा मारला.