५६ ई/२ : एका नकाशाची कुळकथा

हिंगोली शहर आणि औंढ्याचा नागनाथ ज्या एका कागदावर मावतात, त्या कागदाचं नाव ५६ ई/२. वसमत त्याच्या खालच्या ५६ ई/३ वर आणि कळमनुरी शेजारच्या ५६ ई/६ वर. भूगोलाच्या पुस्तकात याला स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात. ज्यांना तो रोज लागतो, ते म्हणतात टोपोशीट. आपल्या गावाचा इतिहास शोधणाऱ्याने बखरी आणि गॅझेटियर उघडण्याआधी हा कागद जमिनीवर पसरावा, असं मी आग्रहाने सांगतो. त्यासाठी आधी त्याचं कुळ पाहू.

'नकाशा' आणि 'नक्षी' ही भावंडं. दोघांच्या मुळाशी अरबी 'नक्श', म्हणजे उमटवणं, कोरणं. हिंगोलीची भूमी कागदावर उमटली ती मात्र परक्या फौजेच्या गरजेपोटी. १० एप्रिल १८०२ रोजी इंग्रज लष्करी अधिकारी विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजायला घेतली. पद्धत अशी की, त्रिकोणाची एक बाजू साखळीने जमिनीवर मोजायची, दोन्ही टोकांवरून तिसऱ्या बिंदूचे कोन घ्यायचे, उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या आणि त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण उभारायचा. असे त्रिकोण रचत हे काम उत्तरेकडे सरकलं. १८१५ मध्ये बिदरच्या बाजूला दमरगिड्डा इथे नवी पायारेषा मोजली गेली आणि तिथून त्रिकोणांची ही माळ वऱ्हाडाकडे निघाली. तिचा कणा साधारण ७७ अंश ४० मिनिटे रेखांशावरून जातो, म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्याच्या पूर्व कडेने, हदगावच्या अंगाने. नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन हिंगणघाटला वारला. पुढची धुरा त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्टने घेतली.

हा झाला सांगाडा. त्यावर मांस चढवण्याचं काम, म्हणजे निजामाच्या मुलखाची तपशीलवार मोजणी, १८१६ मध्ये जेम्स गार्लिंगने सुरू केली. हिंगोलीला त्या काळात निजामाच्या खर्चाने पोसलेल्या आणि इंग्रजांच्या हुकमतीत चालणाऱ्या फौजेची छावणी होती. हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखली जाणारी ही फौज १९०३ मध्ये मोडली. फौजेला काय हवं? पाणी कुठे, नदीला उतार कुठे, तोफा कुठल्या वाटेने नेता येतील, मुक्काम कुठे पडेल. विहिरी, बारवा, झाडी, पायवाटा एवढ्या काटेकोरपणे कागदावर आल्या त्या या गरजेमुळे.

आज आपण ओळखतो तो रंगीत टोपोशीट १९०५ नंतरचा. त्या साली भारतीय सर्वेक्षणाच्या कामाची तपासणी करणाऱ्या समितीच्या शिफारशींनुसार देशाची नव्याने मोजणी ठरली : एक इंच म्हणजे एक मैल, डोंगर दाखवायला तपकिरी समोच्च रेषा, पाण्याला निळा, झाडीला हिरवा, लागवडीला पिवळा रंग. याच व्यवस्थेत हिंगोलीला तिचा क्रमांक मिळाला. चार अंश लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकटीला एक आकडा. पुणे ४७ मध्ये, नागपूर ५५ मध्ये, हिंगोली ५६ मध्ये. त्या चौकटीचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, त्यांना अक्षरं. प्रत्येक अक्षराचे पुन्हा सोळा भाग, त्यांना अंक. देशाने मेट्रिक मापं स्वीकारल्यावर मैल-इंच गेले आणि १:५०,००० हे प्रमाण आलं. आता दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. क्रमांक मात्र तोच राहिला. म्हणूनच त्याच चौकटीचे दोन काळातले कागद शेजारी ठेवता येतात.

आणि शेजारी ठेवले की गावं बोलू लागतात. पूर्णेहून निघालेली मीटरगेज रेल्वे १९१२ मध्ये हिंगोलीला पोचली आणि पुढची जवळपास पाच दशकं तिथेच थांबली. जुन्या शीटवर ही रेषा शहराशी संपते, नव्यावर ती वाशीम-अकोल्याकडे धावते. शेवटचं स्टेशन असण्याचे ते दिवस शहराच्या बाजारपेठेला समजून घ्यायला फार उपयोगी आहेत. पैनगंगा आज जिल्ह्याची हद्द आहे. पण १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर ती दोन राजवटींमधली हद्द झाली होती. अलीकडे निजाम, पलीकडे इंग्रज. तिच्यावरचं इसापूरचं धरण उभं राहण्याआधीच्या शीटवर तिच्या काठचे रस्ते, विहिरी, शिवारं जिथे दिसतात, तिथे नंतरच्या शीटवर निळा रंग पसरलेला आहे.

माझा जीव मात्र सर्वांत जास्त अडकतो तो ओसाड गावांच्या खुणेत. टोपोशीटवर वस्तीचं गाव भरीव चौकोनांनी दाखवतात, ओसाड गाव पोकळ चौकोनांनी. आपल्या महसुली दप्तरात अशा गावाला 'बेचिराग' म्हणतात. फारसीत चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराग. त्याचं शिवार शाबूत असतं, नाव दप्तरात असतं, पांढरीच्या मातीत खापरं सापडतात, एखादा मारुती उघड्यावर उभा असतो. गाव का उठलं? पाणी आटलं, दुष्काळ पडला, रोगराई आली, की पेंढाऱ्यांनी लुटलं? नकाशा जागा दाखवतो, कारण नाही. ते शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडेच मिळेल.

नकाशाचं मौन आणखीही ठिकाणी आहे. तो विहीर दाखवतो, पण तिथे कुणाला पाणी भरू देत नव्हते ते दाखवत नाही. तो देऊळ दाखवतो, पण पायरीशी कुणाला थांबवलं जाई ते नाही. गावाची नावं रोमन लिपीतून वाकडी होऊन येतात. म्हणून शीटला प्रमाण मानायचं नाही, प्रश्नपत्रिका मानायची.

साधनं आता हाताशी आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाने २०१७ मध्ये नवे टोपोशीट इंटरनेटवर फुकट खुले केले. नव्या मालिकेत हिंगोलीचा क्रमांक ई४३ ने सुरू होतो, त्यामुळे ५६ ई शी त्याची जोडी जुळवून घ्यावी लागते. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात काढलेले भारताचे १:२,५०,००० चे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत. तपशील कमी, पण धरणांच्या आधीचा मुलूख त्यात पाहायला मिळतो. कागदाच्या समासात मोजणीचं वर्ष छापलेलं असतं, ते आधी वाचावं. मग शीट उपग्रहाच्या चित्राशेजारी ठेवून एकेक बारव, पांदण, ओढा शोधत शिवारात हिंडावं.

औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे. तिच्या काटकोनातल्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या, म्हणजे पुढच्या शीटवर आठ-आठ सेंटीमीटरच्या रेषा. नवं नोंदवायला यंत्रं आहेत. जुनं नोंदवायला मात्र आपल्याकडे थोडीच माणसं उरली आहेत. शाळेतल्या गुरुजींनी, ग्रामपंचायतीने, महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने आपापल्या गावाचा शीट मोठा छापून घ्यावा, पारावर पसरावा आणि ऐंशी वर्षांच्या आजोबा-आज्यांना विचारून प्रत्येक ओढ्याचं, माळाचं, विहिरीचं नाव त्यावर देवनागरीत लिहून घ्यावं. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीतच लिहून घ्यावं.