मगनवाडीचा वारसा आणि क्वांटम विज्ञान

वर्ध्याचे नाव निघाले म्हणजे सेवाग्रामचा आश्रम, पवनारची धाम नदी आणि जमनालाल बजाजांचे औदार्य यांचे स्मरण बहुतेकांस होते. परंतु कोणतेही तंत्र सामान्य माणसापुढे त्याला उमजेल अशा रीतीने मांडावे आणि त्याच्या हिताच्या कसोटीवर ते पारखून घ्यावे, असा उद्योग याच शहरातील मगनवाडीत सुमारे नव्वद वर्षांपूर्वी आरंभला गेला, याची आठवण क्वचितच काढली जाते. क्वांटम तंत्रज्ञान लोकांस कसे समजावून द्यावे, हा प्रश्न आज देशापुढे उभा असता तो इतिहास पुन्हा पाहणे अगत्याचे आहे.

1934 च्या ऑक्टोबरात मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात ठराव मंजूर झाला आणि त्यानुसार डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. श्रीकृष्णदास जाजू त्याचे अध्यक्ष व जे. सी. कुमारप्पा चिटणीस झाले. जमनालालजींनी आपली बाग आणि इमारत संघाच्या हवाली केली आणि 1928 साली निवर्तलेले गांधीजींचे पुतणे मगनलाल यांच्या नावाने ती जागा मगनवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली. संघाच्या सल्लागारांच्या यादीत रवींद्रनाथ ठाकूर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि आहारशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकॅरिसन यांच्या बरोबरीने चंद्रशेखर वेंकट रामन हे नाव होते. हातसडीचा तांदूळ चांगला की गिरणीचा, गूळ अधिक पोषक की साखर, असले प्रश्न गांधीजी त्या काळी डॉक्टरांपुढे व शास्त्रज्ञांपुढे रीतसर मांडीत असत. खेड्यातील चूल आणि विद्वानांची प्रयोगशाळा यांच्यामध्ये प्रश्नोत्तरांचा राबता असावा, ही त्यामागची दृष्टी होती.

रामन यांचा विदर्भाशी त्याआधीही संबंध आला होता. सरकारच्या हिशेबखात्यात नोकरीस असताना 1910 च्या सुमारास त्यांची बदली नागपूरला झाली होती. पुढे कलकत्त्यास 28 फेब्रुवारी 1928 रोजी जो शोध निश्चित झाला आणि ज्याबद्दल 1930 चे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले, तो पुंजविज्ञानाच्या, म्हणजेच क्वांटम विज्ञानाच्या, सत्यतेचा एक भक्कम पुरावा ठरला. त्यांच्या प्रयोगाची मांडणी विलक्षण साधी होती. सूर्यप्रकाश जांभळ्या काचेतून गाळून शुद्ध द्रवात सोडावयाचा आणि द्रवातून विखुरलेला प्रकाश दुसऱ्या अशा काचेतून पाहावयाचा, की जिच्यातून तो जांभळा रंग मुळीच पार होऊ नये. असे असूनही डोळ्यांस मंद हिरवट उजेड दिसला. रामन ज्या खात्यात होते त्याच खात्याच्या भाषेत याचा उलगडा करता येतो: प्रकाशकण द्रवाच्या रेणूवर आदळतो तेव्हा क्वचित प्रसंगी आपल्या ऊर्जेतील काही ठरावीक हप्ता रेणूच्या नावे जमा करतो आणि उरलेली शिल्लक घेऊन, रंग बदलून, बाहेर पडतो. हा हप्ता हवा तितका लहानमोठा असू शकत नाही. प्रत्येक पदार्थाचे हप्ते त्याचे स्वतःचे असतात. म्हणूनच रामन वर्णपटावरून खाद्यतेलातील भेसळ ओळखता येते, आणि ज्या मगनवाडीने बैलघाणी सुधारण्यासाठी मेहनत घेतली तिथल्या तेलाचीही पारख याच विज्ञानाने होऊ शकते.

ग्रामोद्योग संघाने मगनदीप नावाचा कंदील सिद्ध केला, तो खेड्याची अडचण शास्त्रीय दृष्टीने सोडविण्याच्या रीतीचा उत्तम नमुना होय. घासलेटाऐवजी गावच्या घाणीचे तेल जाळावयाचे, तर ते दाट असल्याने वातीत सहजासहजी चढत नाही. ही अडचण ओळखून तिच्या निवारणार्थ दिव्याची रचना बदलण्यात आली. पुढे 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. चरखे, घाणी, हातकागदाची साधने, मधमाशीपालनाच्या पेट्या अशी सामग्री तेथे मांडली गेली, ती राजेरजवाड्यांच्या मौल्यवान वस्तूंप्रमाणे दुरून न्याहाळण्यासाठी नव्हे, तर खेड्यातील कारागिराने पाहून, समजून, आपल्या गावी वापरावी म्हणून. 1976 साली देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यासच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापन केले आणि तीच परंपरा पुढे चालविली.

आता काळ पालटला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 19 एप्रिल 2023 रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी देऊन 6,003.65 कोटी रुपयांची तरतूद केली, आणि पुढे त्यातील क्वांटम संवेदनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे सोपविण्यात आले. हा पैसा जनतेचा आहे, म्हणून या तंत्राचा आपल्याशी काय संबंध हे तिला समजले पाहिजे. आज मोबाईलवरून बँकेचे व्यवहार करणाऱ्या हिंगणघाटच्या व्यापाऱ्यास किंवा आर्वीच्या कास्तकारास आपले व्यवहार ज्या सांकेतिक कुलुपांनी सुरक्षित आहेत त्यांपैकी काही भावी क्वांटम संगणकास उघडता येतील, म्हणून ती वेळीच बदलली पाहिजेत, हे कळणे आवश्यक आहे. आणि त्याचबरोबर, क्वांटम या शब्दाचा छाप मारून विकली जाणारी कडी, लोलक आणि औषधे यांचा या विज्ञानाशी काडीचा संबंध नाही, हेही त्यास कोणीतरी स्पष्ट सांगितले पाहिजे.

मगनवाडीने जनतेस कौतुकाने टाळ्या वाजविणारा प्रेक्षक मानले नाही. वस्तूचे कार्य, तिची किंमत, तिची मर्यादा आणि तिच्यामुळे कोणाची भाकरी वाढते अथवा हिरावते, हे सर्व विचारण्याचा अधिकार असलेला परीक्षक मानले. वर्धा जिल्ह्यातील शाळांनी, महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी दरवर्षी 28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन भाषणांत न दवडता रामन यांचा तो दोन काचांचा प्रयोग आधुनिक उपकरणांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष दाखवावा, आणि नंतर गावकऱ्यांस मोकळेपणाने प्रश्न विचारू द्यावेत. एवढे झाले तरी मगनवाडीचे ऋण काही अंशी फेडल्यासारखे होईल.