कॅथलिक वर्कर चळवळ
अमेरिकेतील कॅथलिक श्रद्धावंतांची सेवाभावी व शांततावादी चळवळ. महामंदीच्या काळात पत्रकार डोरोथी डे (१८९७–१९८०) व फ्रान्समधील शेतकरी कुटुंबात जन्मलेले पीटर मॉरिन (१८७७–१९४९) यांनी न्यूयॉर्कमध्ये ती सुरू केली. तरुणपणी समाजवादी वर्तुळात वावरलेल्या डे यांनी १९२७ मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला. १ मे १९३३ रोजी युनियन स्क्वेअर येथील कामगार मेळाव्यात ‘द कॅथलिक वर्कर’ या नियतकालिकाचा पहिला अंक विक्रीस आला. अंकाची किंमत एक सेंट होती. काही वर्षांतच त्याचा खप लाखावर गेला.

बेघर व बेरोजगार लोकांना अन्न आणि निवारा देणारी ‘आतिथ्यगृहे’ हे चळवळीचे मुख्य कार्य होय. कार्यकर्ते स्वेच्छेने दारिद्र्य पत्करून गरजूंसोबत राहतात. मॉरिन यांच्या आग्रहामुळे सामूहिक शेतीचेही प्रयोग झाले. दुसऱ्या महायुद्धातही डे युद्धविरोधावर ठाम राहिल्या. त्यामुळे चळवळीत फूट पडली व अंकाचा खप घसरला. १९५५ पासून न्यूयॉर्कमधील हवाई हल्ल्याच्या सक्तीच्या सरावांना विरोध केल्याबद्दल त्यांना अनेकदा अटक झाली. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या आंदोलनात, वयाच्या पंचाहत्तरीत, त्या पुन्हा तुरुंगात गेल्या.

‘द लाँग लोनलीनेस’ (१९५२) हे डे यांचे आत्मचरित्र. त्यांना संतपद देण्याची प्रक्रिया २००० मध्ये सुरू झाली. चळवळीची स्वायत्त गृहे अमेरिकेत व अन्य देशांत कार्यरत आहेत.