आजाराला नाव हवं

मी कवी. कवितेला नाव नसलं तरी माझं अडत नाही. आजाराचं तसं नाही. मुलांच्या फुप्फुसातल्या एका दुर्मिळ, आक्रमक गाठीची गणना पूर्वी मोठ्यांच्या गाठींतच होई. १९८८ साली अमेरिकेत मॅनिवेल, डेनर आणि सहकाऱ्यांनी ती वेगळी ओळखली. नाव ठेवलं प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा.

तान्ह्या बाळात ती हवेच्या फुग्यासारखी दिसते. साधा जन्मदोष म्हणून सोडली, तर पुढे भरीव कर्करोग होऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रियेने काढून ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. गरजेनुसार केमोथेरपी देतात. २००९ साली डायसर-वन जनुकातला दोष सापडला. आज एका बाळात तो आढळला, की भावंडांचीही वेळेवर तपासणी होऊ शकते. एका नावानं एवढं साधलं.