एका जाळ्यातले म्हणून एका टाकीत?

दातिवऱ्याला वैतरणा समुद्राला मिळते. तिथल्या डोल जाळ्याचा माल ओतला की जवळा, करंदी, मांदेली, बोंबील यांच्या ढिगात अधूनमधून एक चपट्या अंगाचा, मातकट रंगाचा जीव सापडतो. लांबून कोळंबीच वाटतो, पण शेपटीला काटे असतात आणि पुढचे दोन पाय दुमडून छातीशी धरलेले असतात. हा स्क्विला, म्हणजेच मँटिस श्रिंप. बाजारात त्याला भाव नाही. खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणाऱ्या हौशी मंडळींना मात्र त्याचे मोठे आकर्षण. त्यांच्यात एक समज पक्का रुजला आहे. टाकी मोठी घ्या, पोटभर खाऊ घाला, लपायला दगड ठेवा, की हा प्राणी कोळंबीसोबत सुखाने राहतो. शेवटी दोघेही एकाच समुद्रातले, एकाच जाळ्यात येणारे, दिसायलाही भाऊबंद! हा समज मुळातच चुकीचा आहे. त्यापायी कोळंबीचा जीव जातो, म्हणून त्याचा सविस्तर समाचार घेणे भाग आहे.

आधी जाळ्याचा पुरावा पाहू. डोल हे एका जागी बांधलेले जाळे. ते माशामागे धावत नाही. पाण्याची ओढ जे आणील ते त्याच्या शेवटच्या पिशवीत साठत जाते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढते आणि उतरते. तेवढ्या पाण्याबरोबर ठिकठिकाणचे, वेगवेगळ्या थरांतले जीव येतात आणि त्या पिशवीत एकमेकांवर चेपले जातात. जवळा पाण्यात थव्याने फिरतो. स्क्विला तळाच्या चिखलात बीळ करून राहतो आणि बहुधा रात्री बाहेर पडतो. पिशवीतली त्यांची गाठ जाळ्याने घातलेली असते. समुद्रात खरी गाठ पडते तेव्हा काय होते, ते स्क्विलाचे पोट तपासणाऱ्या अभ्यासकांनी कधीच सांगून ठेवले आहे. तिथे मासे निघतात आणि कोळंबी-खेकड्यांच्या कवचांचे तुकडे निघतात. एका समुद्रात राहतात, याचा अर्थ एवढाच. टाकीत फरक इतकाच पडतो, की निसटलेल्या कोळंबीला दूर पळायला पाणी उरत नाही.

भाऊबंदकीचा मुद्दा तर टिकतच नाही. कोळंबी, शेवंड, खेकडा हे दशपाद गणातले. स्क्विलाचा गण वेगळा, स्टोमॅटोपोडा. दोन्ही वाटा तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी फुटल्या. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधल्या संग्रहावरून स्टॅन्ली केम्प यांनी १९१३ साली या एका गणावर स्वतंत्र मोठा ग्रंथ लिहिला. आणि नाते जवळचे असते तरी काय बिघडले असते? हा प्राणी प्रसंगी स्वतःच्या जातभाईलाही खातो.

आता अधिक गंभीर युक्तिवाद. ‘काच फोडणारा तो प्रवाळातला रंगीबेरंगी मँटिस, आपला खाडीतला स्क्विला गरीब,’ असे ठासून सांगितले जाते. यात निम्मे सत्य आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे. या प्राण्यांचे ढोबळ दोन प्रकार, ठोसा मारणारे आणि भाला मारणारे. रंगीबेरंगी मोर-मँटिस ठोसेवाला, आपला स्क्विला भालेवाला. शीला पाटेक आणि रॉय कॉल्डवेल यांनी सहकाऱ्यासह २००४ साली ‘नेचर’मध्ये त्याच्या फटक्याचे मोजमाप प्रसिद्ध केले. वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत भरला. पुढच्या वर्षी जोर मोजला, तो १,५०० न्यूटनपर्यंत गेला. शिवाय फटक्यामागून पाण्यात तयार होणारे बुडबुडे फुटतात, त्यांचा दुसरा दणका वेगळाच. भालेवाले त्या मानाने संथ. २०१२ साली त्यांच्यातल्या एका मोठ्या जातीचा वेग मोजला, तो सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास निघाला.

हा आकडा वाचून लोक निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात. भाल्याला शिंपला फोडायचा नसतोच. तो मऊ अंगाच्या, चपळ भक्ष्यासाठी असतो, म्हणजे मासा आणि कोळंबी यांच्यासाठी. जाळ्यात मेलेला स्क्विला हाती लागला तर त्याचा पुढचा पाय उलगडून पाहावा. (जिवंताजवळ बोट नेऊ नये.) शेवटच्या पेऱ्यावर ओळीने अणकुचीदार दात, आणि ते बरोबर बसावेत अशी खाच आधीच्या पेऱ्यात, चाकू मुठीत मिटावा तसा तो पाय मिटतो. त्या दातांत सापडलेली कोळंबी सुटत नाही. म्हणजे ज्याला आपण गरीब म्हणतो, त्याचेच हत्यार कोळंबीला अधिक नेमके लागू पडते. दुसरीकडे, ठोसेवाला फक्त शिंपले-खेकडे खातो म्हणून कोळंबी सुरक्षित, हेही खरे नाही. अमेरिकी उष्ण समुद्रातल्या एका ठोसेवाल्या जातीच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात मऊ अंगाचे भक्ष्यही निघाले.

राहिला भरल्या पोटाचा दाखला. स्क्विलाचे सारे आयुष्य बिळाभोवती फिरते. डोळे तेवढे बाहेर काढून तो तोंडाशी बसतो. टप्प्यात येणारा जीव एकतर खाद्य असतो नाहीतर घुसखोर, आणि दोघांनाही उत्तर एकाच पायाने मिळते. तुम्ही सकाळी कितीही खाऊ घाला, घराची राखण तो सोडत नाही. त्यात टाक्यांमध्ये लोकप्रिय असलेल्या सफाई कोळंबीची सवय अशी, की मिशा हलवत आपण होऊन दुसऱ्याच्या अंगाशी जायचे. शिवाय कोळंबी ठरावीक काळाने कात टाकते आणि नवे कवच टणक होईपर्यंत अगदी हतबल असते. समुद्रात ती तेवढा वेळ दडी मारते. टाकीत दडायच्या चांगल्या जागा आधीच स्क्विलाने घेतलेल्या असतात.

‘पण आमच्याकडे महिनोन्महिने दोघे नांदले,’ असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. त्यांनी पाहिलेल्या शांततेचा अर्थ तेवढा चुकतो. स्क्विलाही कात टाकतो. त्याआधी तो बिळाचे तोंड बुजवून बसतो आणि खात नाही. कात टाकल्यावरही काही दिवस त्याला फटका मारता येत नाही. तरीही तो पुढचे पाय फाकवून धमकावतो. ही हूल स्टेगर आणि कॉल्डवेल यांनी १९८३ साली ‘सायन्स’मध्ये नोंदवली. ‘नुसता घाबरवतो, मारत नाही’ हे निरीक्षण बहुधा अशाच दिवसांतले असते. कवच टणक झाले की हिशेब पुन्हा सुरू होतो.

प्रतिपक्षाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर एका मोठ्या भालेवाल्याच्या बिळात काही चिमुकले शिंपले भिंतीला धरून राहतात आणि बिळाचा मालक त्यांना राहू देतो. निसर्गात सहवास आहे, नाही असे नाही. पण तो त्या विशिष्ट शिंपल्यांना साधला आहे, बाजारातून आणलेल्या कोळंबीला नव्हे.

स्क्विला पाळू नये, असे मी म्हणत नाही. इतका जागरूक, इतका निरखण्याजोगा जीव टाकीत दुसरा मिळणे कठीण. त्याला एकट्याची टाकी द्यावी, अंग वळवता येईल अशी नळी किंवा जाड वाळूचा थर द्यावा, घट्ट झाकण लावावे आणि मेलेली ताजी कोळंबी चिमट्याने भरवावी. जिवंत कोळंबी हवी असेल, तर तिच्यासाठी दुसरी टाकी घ्यावी. दुसरीला जागा किंवा पैसा नसेल, तर दोघांपैकी एकच निवडावे.